चौकात अडवल्यानंतरचे पहिले अर्धे मिनिट

माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात नवी मोटार घेतली आणि दुसऱ्याच आठवड्यात एका चौकात वाहतूक पोलिसाने त्याला अडवले. संध्याकाळी घरी आल्यावर तो हा प्रसंग एखादी लढाई जिंकल्याच्या आवेशात सांगत होता. 'मामा, मी मामाला चांगलंच सुनावलं!' पुण्यात वाहतूक पोलिसाला पाठीमागे मामाच म्हणतात, त्यामुळे यातला सुनावणी झालेला मामा कोणता, हे समजायला मला क्षणभर वेळ लागला. खोदून विचारले तेव्हा कळले, की सिग्नल लाल झाल्यावर याची गाडी स्टॉप लाइन ओलांडून पादचाऱ्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांवर जाऊन उभी राहिली होती. हवालदाराने हात दाखवून गाडी कडेला घ्यायला सांगितले, तेव्हा याने ते दिसलेच नाही असे दाखवून हिरवा दिवा लागताच गाडी पुढे काढली. आणि पुढच्या चौकात दुसऱ्या पोलिसाने अडवल्यावर 'माझीच गाडी दिसली का, तो रिक्षावाला दिसला नाही का' इथपासून सुरुवात करून आवाज चढवत नेला. परिणाम असा झाला, की एका चलानाच्या जागी दोन चलाने निघाली: एक स्टॉप लाइनचे आणि दुसरे पोलिसाची सूचना न पाळल्याचे.

त्याला बोलण्याचा मला फारसा अधिकार नाही, कारण त्याच्या वयाचा असताना मी नेमके उलटे टोक गाठले होते. नव्वदच्या दशकात, ज्याचे नाव सांगण्याची गरज नाही अशा एका शहरात, स्कूटरवरून जाताना मला अडवले गेले आणि परवाना घरच्या कपाटात होता. मी हात जोडले, 'साहेब, आई आजारी आहे' अशी धादांत खोटी थाप मारली आणि शेवटी एक नोट घडी करून स्कूटरच्या कागदांमध्ये सरकवून दिली. कागद परत आले, नोट परत आली नाही, आणि मी सुटलो. आई घरी ठणठणीत होती. तिला हे कळले असते तर दंडापेक्षा जास्त महागात पडले असते. पुढची कित्येक वर्षे चौकात पांढरा सदरा आणि खाकी पँट दिसली, की माझा हात आपोआप ब्रेककडे न जाता खिशाकडे जात असे.

पोलिसांसमोर बोलण्याच्या आपल्याला दोनच भाषा येतात, असे मला वाटते. एक गयावया करण्याची आणि दुसरी दमदाटीची. 'ओळखतोस का मी कोण आहे' आणि 'साहेब, एवढ्या वेळी सोडा' ही वरवर विरुद्ध दिसणारी दोन वाक्ये प्रत्यक्षात एकाच समजुतीतून येतात, की रस्त्यावरचा कायदा ही समोरच्या माणसाच्या मर्जीची गोष्ट असून ती मर्जी एक तर विकत घ्यायची असते, नाही तर दाबून टाकायची असते. तिसरी एक साधी भाषा आहे. तिच्यात आवाज मऊ असतो, शब्द कमी असतात, आणि कायद्याने जे द्यायला सांगितले आहे ते दिले जाते, जे सांगितलेले नाही ते दिले जात नाही.

ही भाषा पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरते, आणि मराठीत तर ती पहिल्या सर्वनामातच ठरते. गाडीची काच खाली करून 'काय झालं?' असे विचारणे आणि 'काय झालं, साहेब?' असे विचारणे यांत अंतर आहेच. पण खरा प्रश्न उभा राहतो तो पोलिसाने 'ए, गाडी बाजूला घे, लायसन काढ' असे अरे-तुरे करत सुरुवात केल्यावर. आपला पन्नाशीचा अभिमान लगेच उसळून येतो आणि आपणही 'तू मला अरे-तुरे करतोस?' म्हणून एकेरीवर उतरतो. त्या क्षणी मूळ विषय, म्हणजे सिग्नल, पट्टा किंवा हेल्मेट, बाजूला पडतो आणि उरतो तो फक्त मानापमान, ज्यात पावतीपुस्तक समोरच्याच्या हातात असते. मी अलीकडे एक पथ्य पाळतो. समोरून काहीही आले तरी माझ्या बाजूने अहो-जाहो सोडायचे नाही. दहापैकी आठ वेळा दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला समोरचा माणूसही 'तुम्ही'वर येतो, कारण एका बाजूने अहो चालू असताना दुसऱ्या बाजूने अरे चालू ठेवणे मराठी माणसाला जड जाते. महिला पोलीस असतील तर 'मॅडम' म्हणावे. 'ताई' ही काही जणींना आवडते आणि काही जणींना नाही. 'मामा' मात्र तोंडावर म्हणू नये.

आता कृतीविषयी. अडवण्याची खूण दिसली, की डावा इंडिकेटर देऊन गाडी रस्त्याच्या कडेला, मागच्या वाहतुकीला अडथळा होणार नाही अशा जागी घ्यावी, इंजिन बंद करावे, काच पूर्ण खाली करावी आणि रात्र असेल तर आतला दिवा लावावा. मोबाईलवर बोलणे चालू असेल तर ते आधी थांबवावे. आपल्याकडे अडवल्याबरोबर पहिला फोन लावला जातो तो 'आपल्या माणसाला', आणि मग तो मोबाईल हवालदारापुढे धरून 'साहेबांशी बोला' असे सांगितले जाते. बरेच पोलीस तो फोन घेतच नाहीत, आणि फोनवरच्या साहेबांची चौकातली पत आपण समजतो तितकी नसते. दुचाकीस्वारांनी स्टँड लावून हेल्मेट काढावे, म्हणजे चेहरा दिसतो आणि बोलणे ऐकू येते. पुढे नाकाबंदी आहे असे पाहून जागच्या जागी गाडी वळवून उलट दिशेने पळ काढण्याचा जो प्रकार दुचाकीवाल्यांमध्ये रूढ झाला आहे, त्याने दंड वाचत नाही. कॅमेऱ्यात क्रमांक आलेलाच असतो, आणि समोरून येणाऱ्या वाहनाखाली जाण्याची शक्यता तेवढी वाढते.

थांबणे ही आपली मेहेरबानी नसून कर्तव्य आहे, हे मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये स्पष्ट आहे. वाहतुकीचे नियमन करणाऱ्या पोलिसाच्या सूचना पाळणे कलम ११९ नुसार चालकावर बंधनकारक आहे. गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर परवाना तपासणीसाठी दाखवणे कलम १३० नुसार बंधनकारक आहे. आणि कायदेशीर सूचना जाणूनबुजून धुडकावली किंवा कामात अडथळा आणला, तर कलम १७९ खाली दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भाच्याला मिळालेले दुसरे चलान या जातीचे. त्याच कलम १३० मधला 'गणवेशातला' हा शब्दही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. साध्या कपड्यांतल्या माणसाने चौकात परवाना मागितला, तर त्याचे ओळखपत्र शांतपणे मागणे हा उद्धटपणा होत नाही. चौकात शिट्टी वाजवणारे वॉर्डन वाहतुकीला मदत करतात आणि त्यांच्या खुणांचा मान ठेवावा, परंतु परवाना तपासणे किंवा दंड वसूल करणे हे त्यांचे काम नव्हे.

कागदांच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत चालकांचे जिणे पुष्कळ सोपे झाले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ मध्ये २०१८ साली दुरुस्ती झाल्यापासून परवाना, नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी ही कागदपत्रे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवता येतात. मात्र याचा अर्थ डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी ॲपमधील कागद, असा आहे. मोबाईलच्या गॅलरीत साठवलेला परवान्याचा अंधुक फोटो नव्हे. लोक तो फोटो पुढे करतात, पोलीस नाकारतो, आणि 'सरकारनेच सांगितलंय मोबाईलवर चालतं' म्हणून भांडण सुरू होते, ज्यात चूक बहुधा चालकाची असते. घाटात रेंज नसते आणि बॅटरी नेमकी अशाच वेळी संपते, म्हणून मी प्लास्टिकचा परवाना पाकिटात ठेवतो. जुन्या सवयीचा दोष म्हणा हवे तर.

ज्यावरून सर्वांत जास्त बाचाबाची होते ती गोष्ट म्हणजे गाडीची चावी. दुचाकी थांबते न थांबते तोच चावी काढून खिशात टाकणारे पोलीस आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. चालकाची चावी हिसकावून घेण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियमात कुठेही दिलेला नाही. परवाना नसताना किंवा नोंदणीशिवाय गाडी चालवणे अशा ठरावीक कारणांसाठी कलम २०७ खाली वाहन अडकवून ठेवता येते, पण ती रीतसर कारवाई असते. तरीही चावी काढली गेलीच, तर ती परत हिसकावण्यासाठी हाताला हात लावणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. सरकारी नोकराला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी बळाचा वापर, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली दोन वर्षांपर्यंत कारावासाचा आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचे कलम ३५३ होते, म्हणून लोक अजूनही 'तीनशे त्रेपन्न लावला' असेच म्हणतात. पाचशे रुपयांच्या प्रकरणातून अटकेपर्यंत पोहोचण्याचा हा सर्वांत जवळचा रस्ता आहे. 'साहेब, मी पळून जात नाही, गाडी बंद आहे, चावी माझ्याकडे राहू द्या' एवढे म्हणावे, आणि तरी न दिल्यास छातीवरच्या पट्टीवरील नाव, वेळ आणि जागा लिहून ठेवून नंतर वरिष्ठांकडे लेखी तक्रार द्यावी. रस्त्यावर न्याय मिळवण्याचा हट्ट धरणाऱ्याला तो क्वचितच मिळतो.

परवाना जप्त करण्याचे मात्र तसे नाही. भरधाव किंवा धोकादायक रीतीने गाडी चालवणे, दारू पिऊन चालवणे, हेल्मेट नसणे अशा काही गुन्ह्यांमध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २०६ खाली परवाना ताब्यात घेऊन परवाना प्राधिकरणाकडे पाठवता येतो. अशा वेळी वाद न घालता एकच गोष्ट मागावी, ती म्हणजे पोच. परवाना घेणाऱ्याने तात्पुरती पोच द्यायची असते, असे त्याच कलमात सांगितले आहे, मात्र अशा गुन्ह्यांमध्ये परवाना परत मिळेपर्यंत त्या पोचेवर गाडी चालवता येत नाही. पोच न घेता परवाना देऊन येणाऱ्या माणसाकडे तो कोणी आणि कधी घेतला याचा काहीच पुरावा उरत नाही.

आणि आता ती घडी केलेली नोट. 'तोडपाणी', 'चहापाणी', 'सेटलमेंट' हे सगळे शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की त्यांमागे गुन्हा आहे हे जाणवतच नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही घेण्याइतकाच स्वतंत्र गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. लाच देण्यास भाग पाडले गेले असेल, तर सात दिवसांच्या आत ते कळवणाऱ्याला संरक्षण आहे, आणि महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कोणी भाग पाडलेले नसते. 'पाचशेची पावती की दोनशेत मिटवू' या हिशेबात आपणच आधी दोनशेवर आलेलो असतो. माझ्या तरुणपणीच्या प्रसंगातही त्या माणसाने काहीच मागितले नव्हते. परवाना नाही म्हटल्यावर तो पावतीपुस्तक काढत होता, आणि त्याआधीच माझी नोट बाहेर आली होती. हे आज लिहिताना लाज वाटते, म्हणूनच ते लिहून ठेवतो आहे.

ई-चलान आल्यापासून निदान या व्यवहाराची गरज उरलेली नाही. यंत्रात गाडीचा क्रमांक आणि छायाचित्र जाते, कलम आणि रक्कम ठरलेली असते, जागेवर पैसे भरायचे नसतील किंवा भरता येत नसतील तर चलान थकीत म्हणून नोंदले जाते आणि नंतर ऑनलाइन भरता येते. वाढीव दंडाच्या २०१९ च्या तरतुदी महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ पासून लागू केल्या. तेव्हापासून आकडे मोठे झाले आणि त्याबरोबर वादही मोठे झाले. परंतु या वादाची योग्य जागा चौक नाही. चलान चुकीचे वाटले तर महाट्रॅफिक ॲपवर किंवा संकेतस्थळावर छायाचित्र उघडून पाहावे, तक्रार नोंदवावी, आणि तिथे समाधान झाले नाही तर न्यायालयात म्हणणे मांडावे. पोलिसांनी खासगी मोबाईलवर फोटो काढून ते नंतर सवडीने यंत्रात भरू नयेत, असे आदेश २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस विभागातील वरिष्ठांनीच काढले, यावरून वाहनचालकांच्या सगळ्याच तक्रारी पोकळ नव्हत्या हे दिसते. पण 'माझ्याच गाडीला का' ही तक्रार कुठेही टिकत नाही. शेजारच्या रिक्षावाल्याने केलेली चूक हा आपल्या चुकीचा बचाव नसतो.

मोबाईलवर चित्रीकरण करावे का, हा प्रश्न हल्ली तरुण मुले नेहमी विचारतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ साली असे म्हटले, की पोलीस ठाणे ही शासकीय गुपिते अधिनियमात सांगितलेली निषिद्ध जागा नाही आणि तिथे चित्रीकरण केल्याबद्दल त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. मग भर चौकातील संभाषणाला तो कायदा लागू होण्याचा प्रश्नच नाही. तेव्हा चित्रीकरण करता येते. मात्र काच खाली होण्याआधीच कॅमेरा समोरच्याच्या नाकाशी नेऊन 'सर, आपण लाइव्ह आहोत' अशी सुरुवात करणाऱ्याने संवादाचे दार स्वतःच बंद केलेले असते. माझ्या मते चित्रीकरण हा शेवटचा उपाय आहे, आणि तोही सांगून, छातीच्या उंचीवर मोबाईल धरून, शांत आवाजात करावा.

रात्रीच्या नाकाबंदीत श्वासतपासणीला नकार देऊन काहीही मिळत नाही. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला तर कलम १८५ लागते, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि हा रस्त्यावर तडजोड करण्याजोगा गुन्हा नसल्यामुळे न्यायालयात जावेच लागते. नकार दिला आणि पोलिसाला मद्याचा संशय असला, तर विनावॉरंट अटक करता येते. नळी नवी आहे ना, एवढे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि तो सौजन्याने वापरावा. एकट्या महिला चालकाला सुनसान जागी अडवले गेले, तर दिवे लावून, हळू वेगाने जवळच्या उजेडाच्या जागेपर्यंत जाऊन थांबणे समंजसपणाचे आहे, आणि थांबल्यावर तसे का केले हे लगेच सांगावे. अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही, हेही माहीत असावे.

हे सगळे लिहिताना चौकातल्या माणसाची बाजू विसरता येत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खार येथे विलास शिंदे या वाहतूक पोलिसाने हेल्मेट न घालता दुचाकी चालवणाऱ्या एका अल्पवयीन मुलाला अडवले. त्या मुलाच्या भावाने येऊन त्यांच्या डोक्यात प्रहार केला आणि काही दिवसांनी रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. पोलिसाला बॉनेटवर घेऊन गाडी पळवल्याच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या आहेत. मे महिन्याच्या उन्हात डांबरावर आठ-दहा तास उभा राहणारा माणूस आपल्या काचेशी येतो, तेव्हा आपल्याआधीच्या पाच जणांनी त्याला काय काय ऐकवले आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. त्याचा आवाज चढलेला असेल तर तो कदाचित आपल्यामुळे चढलेला नसतो.

एक छोटे विषयांतर, कारण हा लेख अमेरिकेतली मंडळीही वाचतात. आपल्याकडे अडवल्यावर चालक गाडीतून उतरतो, कागद हातात घेतो आणि पोलिसाच्या दुचाकीपाशी चालत जातो. ते इथे शिष्टाचारात बसते. न्यू जर्सीत मेहुणीकडे राहायला गेलो होतो, तेव्हा तिच्या नवऱ्याने पहिल्याच दिवशी मला बजावले, की मागे लाल-निळे दिवे दिसले तर उजवीकडे थांबायचे, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे, आणि सांगितल्याशिवाय दार उघडायचे नाही. समोरच्या कप्प्यातून कागद काढायचे असले तरी आधी तोंडाने सांगायचे आणि मग हात हलवायचा. जिथे कोणाच्याही गाडीत पिस्तूल असू शकते, तिथे आपला नम्र नमस्कारही धमकीसारखा दिसतो. उतरायला सांगितले तर मात्र उतरावे. तो अधिकार तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच मान्य केला आहे. घडी केलेल्या नोटेचा विचार तर तिथे मनातही आणू नये.

भाच्याला मी यातले बरेचसे त्या रात्री सांगितले, आणि त्याने ते वयाला शोभेल इतपतच ऐकले. पहिले चलान त्याला मान्य होते. दुसऱ्याविरुद्ध तक्रार करायचीच, कारण 'हवालदारानं हात केलाच नव्हता', असा त्याचा आग्रह होता. मी म्हटले, जरूर कर, तो तुझा हक्क आहे, पण आधी फोटो उघड. चौकातल्या कॅमेऱ्याने टिपलेले छायाचित्र पडद्यावर आले. गाडीचा क्रमांक स्वच्छ वाचता येत होता, सिग्नल हिरवा होता, आणि बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यापाशी पांढऱ्या सदऱ्यातला माणूस उभा होता, उजवा हात खांद्याच्या वर. भाच्याने चित्र दोन बोटांनी मोठे करून पाहिले, मग लहान केले, मग पुन्हा मोठे केले.

'हात आहे,' तो म्हणाला, आणि दोन्ही चलानांचे पैसे एकदमच भरून मोकळा झाला.